फलकावरील शब्द कोणाचे?



वाचोपचाराच्या विद्यार्थ्यांना संवादसाधनांचा उपयोग कसा शिकवावा, हा आजचा विषय. यंत्र चालू करणे, त्यात चित्रे व शब्द भरणे, हे विद्यार्थी चार दिवसांत शिकतात. त्याविषयी मी फारसे बोलणार नाही.

चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी १९४९ साली प्रसिद्ध झाली, ती भिन्न भाषा बोलणाऱ्यांत सामंजस्य वाढावे म्हणून. १९७१ साली टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांपुढे ठेवली. चिन्हे जोडून नवा अर्थ घडविण्याची सोय त्या लिपीत होती. फलक साधाच, पण मुलांना आपले म्हणणे मांडता येऊ लागले.

आपले विद्यार्थी फलक करतात तेव्हा त्यावर पाणी, जेवण, शौचालय, पंखा एवढेच येते. सांभाळणाऱ्याची सोय झाली! परंतु ‘नको’, ‘पुन्हा’, ‘का?’, ‘मला राग आला’ हे कोठे आहे? जो शब्द फलकावर नाही, तो त्या मुलाला बोलताच येत नाही. मराठीत वा हिंदीत आणखी एक अडचण आहे. ‘मी जातो’ एवढेच रूप ठेवले, तर मुलीला मुलाच्या तोंडाने बोलावे लागते. परभाषेतील शब्दसंच जसाच्या तसा उतरविला की ही चूक हमखास होते.

शिवाय, मूल फलकावर बोलणारे दुसरे माणूस पाहते तरी कोठे? म्हणून उपचारकाने स्वतः बोलताना त्याच फलकावर बोट ठेवीत जावे.

सर्वांत कठीण आहे ते थांबणे. आपण मिनिटास शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेने स्टीफन हॉकिंग यांची वाचा गेली. त्यानंतर मिळालेल्या संगणकावर त्यांना मिनिटास फार तर पंधरा शब्द जुळविता येत. मी विद्यार्थ्यांना एक दिवस मौन पाळून केवळ अक्षरफलकावर व्यवहार करावयास लावतो. एक विद्यार्थिनी उपाहारगृहातून रागावून परतली. तिने ‘च’वर बोट ठेवताच समोर चहा आला, तिला चमचा हवा होता. चहा तिने मुकाट्याने घेतला, कारण ‘हा नको’ म्हणावयास पुन्हा तेवढीच अक्षरे शोधावी लागली असती.

आपल्यापुढे अक्षरफलक ठेवले आहेत. पुढील अर्धा तास कृपया कोणीही तोंडाने बोलू नये. प्रश्न असल्यास फलकावर विचारावेत, मी थांबेन.