मर्यादा कोणाच्या बोलण्याला?

(धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनानिमित्त आलापल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादा आणि तेथील लोकशाहीचे आरोग्य, हा विषय आपल्या विद्यार्थ्यांनी सुचविला. आलापल्लीच्या सागवनात बसून युरोपची नाडी तपासायची, हे धाडस विद्यार्थ्यांनाच शोभते. आम्ही युरोपात जाणार आहोत. पण वाट मुंबईवरून काढणार आहोत. कारण हा प्रश्न आपल्या समाजाच्या दारात एकदा येऊन गेलेला आहे, आणि आज तिशीच्या आत असलेल्या पुष्कळांना तो ठाऊक नाही, असा आमचा अनुभव आहे.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. संपादक वसंत मून. ग्रंथाचे नाव 'रिडल्स इन हिंदुइझम'. बाबासाहेबांनी हा ग्रंथ आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहिला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. महापरिनिर्वाणानंतर ३१ वर्षांनी तो लोकांसमोर आला. त्यात राम आणि कृष्ण यांच्या चरित्रांची चिकित्सा करणारे एक परिशिष्ट आहे. त्यावरून वादळ उठले. शिवसेनेने आणि इतर काही संघटनांनी भावना दुखावल्याचे कारण देऊन परिशिष्ट काढून टाकण्याची मागणी केली, जानेवारी १९८८ मध्ये मुंबईत मोर्चा निघाला, आणि शंकरराव चव्हाणांच्या सरकारने परिशिष्ट वगळण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी घटनेत भाषणस्वातंत्र्याचे कलम लिहिले, त्यांच्याच पुस्तकावर कात्री चालली.

पुढे ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत जे घडले ते आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. सगळे गट, सगळे नेते, सगळी भांडणे बाजूला ठेवून लाखो माणसे रस्त्यावर आली. मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक 'शुद्ध' करण्याचा प्रकारही झाला. ज्यांना परिशिष्टात काय लिहिले आहे याचा राग आला होता, त्यांना आमच्या पायांच्या धुळीचाही राग आला! शेवटी तडजोड झाली. परिशिष्ट कायम राहिले आणि त्यासोबत, यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी एक ओळ छापली गेली.

या तडजोडीला काही जण नाके मुरडतात. आम्हांला मात्र ती ओळ फार शहाणपणाची वाटते. सरकार असहमत आहे, असू द्या. असहमत असूनही सरकार पुस्तक छापते, विकते आणि ग्रंथालयात ठेवते. लोकशाहीत मतभेदाची याहून चांगली जागा कोणती?

बाबासाहेबांना कात्रीचा अनुभव नवा नव्हता. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. तेथे कायदा नव्हता, पोलीस नव्हते, बंदी नव्हती. नुसता नकार होता. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी मागवून घेतले आणि त्यातला काही मजकूर गाळण्याची गळ घातली. बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. प्रती काढल्या १५००. आज ते जगभर वाचले जाते. ते अधिवेशन मात्र कोणाच्या आठवणीत नाही.

पण याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, बॅरिस्टर आंबेडकर दुसऱ्यांच्या बोलण्यासाठीही कोर्टात उभे राहिले. दिनकरराव जवळकरांनी १९२५ साली 'देशाचे दुश्मन' लिहिले, केशवराव जेध्यांनी ते प्रसिद्ध केले. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जहाल टीका होती. भाषा तर अशी की आजही वाचणारा दचकतो. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ साली अपिलात बाबासाहेबांनी वकिली केली आणि मंडळी सुटली. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. तेथेही बाबासाहेब उभे राहिले. तो खटला हरले. अशिलाची जात पाहून किंवा मत पटते का ते पाहून त्यांनी बाजू घेतली नाही. कर्व्यांचे संततिनियमनाचे म्हणणे त्यांना पटत होते, हे खरे. जवळकरांची प्रत्येक शिवी पटत असेल असे कोण म्हणेल?

मग बाबासाहेबांना मर्यादाच नको होत्या काय? तसे नाही, आणि येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने 'क्रॉसरोड्स' आणि 'ऑर्गनायझर' या दोन नियतकालिकांच्या बाजूने निकाल दिले. एक डाव्यांचे, एक उजव्यांचे. त्यावर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती आली. सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध ही निर्बंधाची कारणे कलम १९(२) मध्ये घातली गेली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत तिचे समर्थन केले. पण त्याच दुरुस्तीत एक लहानसा शब्दही आला: निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत. निर्बंध वाजवी आहे की नाही हे सरकार नव्हे, न्यायालय ठरविणार. आज कोणी अन्यायाने तुरुंगात गेला आणि त्याचा वकील उभा राहिला, की तो त्या शब्दाचा आधार घेतो.

आता युरोपात जाऊ.

आपली घटना स्वीकारली गेली १९४९ साली. पश्चिम जर्मनीचा मूलभूत कायदाही त्याच वर्षीचा. त्याचे पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठेचे आहे, आणि आपल्या उद्देशिकेतही व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. हा योगायोग नाही. दोन्ही देशांनी माणसाला माणूस न मानण्याचा परिणाम पाहिला होता. युलियस श्ट्राइखर नावाचा एक संपादक होता. त्याचे साप्ताहिक 'डेर श्ट्युर्मर' १९२३ पासून आठवड्यामागून आठवडा ज्यूंना कीड, रोगजंतू म्हणत असे. त्याने स्वतःच्या हाताने कोणाला मारल्याचा आरोप नव्हता. पण साठ लाख ज्यूंच्या संहाराची जमीन ज्यांनी नांगरली त्यांत तो होता, असे न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने मानले आणि त्याला १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशी झाली. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, चांद्याला बाबासाहेबांच्या हस्ते हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. तारखांचा हा निव्वळ योगायोग. त्यात आम्ही अर्थ शोधत नाही.

म्हणून जर्मनीत एखाद्या जनसमूहाविरुद्ध द्वेष चेतविणे गुन्हा आहे, आणि ज्यूंचा संहार झालाच नाही असे जाहीरपणे म्हणणे हाही. फ्रान्सने १९९० साली तसाच कायदा केला. उलट बाजूस, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७६ च्या हँडीसाइड खटल्यात असे मांडले की, सरकारला किंवा लोकसंख्येच्या एखाद्या भागाला धक्का देणारे, अस्वस्थ करणारे विचारसुद्धा या स्वातंत्र्यात येतात; त्यांच्याशिवाय लोकशाही समाज नाही. मात्र त्या खटल्यात प्रकाशक हरला! तत्त्व त्याने मिळविले, पुस्तक गमावले. कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही.

१९९४ चा येरसिल्ड खटला विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. डेन्मार्कच्या एका पत्रकाराने वंशद्वेषी तरुणांची मुलाखत दूरदर्शनवर दाखविली आणि त्यांच्यासोबत त्यालाही शिक्षा झाली. मानवी हक्क न्यायालयाने म्हटले, द्वेष पसरविणे वेगळे आणि द्वेष कसा पसरतो आहे हे समाजाला दाखविणे वेगळे. ही रेघ बारीक आहे, पण ती काढता येते.

मात्र युरोपची प्रकृती ठणठणीत आहे असे समजू नका. इंग्लंड-वेल्समध्ये २००८ साली ईशनिंदेचा गुन्हा रद्द झाला, आयर्लंडने २०१८ साली लोकमत घेऊन घटनेतून तो काढला. आणि डेन्मार्कने डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांची जाहीर विटंबना करण्यास बंदी घालणारा कायदा केला. २०१५ साली पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या कचेरीत व्यंगचित्रकारांना गोळ्या घातल्या गेल्या. हंगेरीत तर निराळाच आजार दिसला. तेथे २०१० नंतर सत्ताधाऱ्यांच्या स्नेह्यांच्या हाती एकेक वृत्तपत्र गेले आणि 'नेप्सबादशाग' हे मोठे विरोधी दैनिक ऑक्टोबर २०१६ मध्ये एका रात्रीत बंद पडले. कोणाला तुरुंगात टाकावे लागले नाही. 'मूकनायक'ची जाहिरात नाकारली गेली ती आठवण येथे ताजी होते.

या सगळ्यातून आमच्या समाजाने काय उचलावे? आमचे मत स्पष्ट आहे. माणसाच्या माणूसपणावर घाव घालणारे बोलणे एक, आणि विचारावर, ग्रंथावर, देवावर, नेत्यावर घाव घालणारे बोलणे दुसरे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांच्या देखत हेतुपुरस्सर अपमान करणे गुन्हा ठरविले. हा भावना दुखावल्याचा कायदा नव्हे. चावडीवर जातीवरून शिवी खाणाऱ्या माणसाची भावना दुखावत नाही, त्याची गावातली जागा हिरावली जाते. उद्या तो ग्रामसभेत तोंड उघडत नाही. शिवी बंद केली म्हणजे एकाचे बोलणे थांबते आणि शंभरांचे सुरू होते. दंडसंहितेत १९२७ साली इंग्रजांनी घातलेले धर्मभावनांचे कलम मात्र, जे आज न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे, बहुधा ज्याच्या मागे जमाव मोठा त्याच्या कामी येते. तो जमाव 'रिडल्स'च्या वेळी आमच्यासमोर उभा होता.

आता थोडे कडू बोलतो. मे २०१२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. घटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, आणि मागे नेहरूंच्या हातात आसूड. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पाठीवर आसूड पडला त्यांच्या मुलांना वर्गात ते चित्र पाहून काय वाटेल, हा प्रश्न खराच होता आणि तो विचारायलाच हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी पुण्यात पाठ्यपुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, आणि ती बाबासाहेबांचे नाव घेऊन झाली. ते चित्र प्रथम छापले तेव्हा बाबासाहेब स्वतः कायदामंत्री होते. चित्रावर बंदी आली नाही. खुर्च्या तोडून आपण 'रिडल्स'च्या विरोधकांना एक दाखला मात्र देऊन बसलो.

तथागतांनी ब्रह्मजालसुत्तात भिक्खूंना सांगितले आहे की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर ते बोलतात त्यात खरे किती, खोटे किती हे तुम्हांला कळणारच नाही. जे खोटे असेल ते खोटे का, हे सांगा. सम्यक वाचा म्हणजे मौन असा अर्थ लावणारे आमच्याही विहारांत आहेत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भिक्खूसंघाच्या सभानियमांचा दाखला दिला होता: ठराव, गणपूर्ती, मतदान. मुक्यांच्या सभेला गणपूर्ती कशाला लागते?

शेवटी आपल्या मुलखाबद्दल दोन शब्द. १९८० पासून या जंगलात माणूस दोन बाजूंनी तोंड दाबून जगला. एकीकडे 'खबऱ्या' ठरवून रात्री उचलून नेलेले आणि मारलेले गावकरी. दुसरीकडे रस्ता, पट्टा, खाण यांविषयी प्रश्न विचारला की 'नक्षल समर्थक' हा शिक्का. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीची भीती ओसरते आहे, याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. पुष्कळांचा आक्षेप एकच, की 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या सैल आहे. सैल व्याख्येत कोण सापडतो हे आलापल्ली-भामरागडच्या माणसाला मुंबईकराने समजावून सांगायची गरज नाही. 'वाजवी' हा १९५१ चा शब्द तेथेही लावून पाहावा लागेल, आणि ते काम शिकलेल्या मुलांचे आहे.

पेसा कायदा १९९६ चा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो सर्वांचे ऐकून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या सवयीतून. तेथे गोंडीत बोलणारी बाईही बोलते आणि ऐकलीही जाते. जनसुनावणी गावापासून शंभर किलोमीटरवर ठेवली, तर बोलण्यावर बंदी नसूनही ती बाई मुकीच राहील. बसभाडे आणि बुडालेली मजुरी हीच तिच्यावरची बंदी.

आमचे बोलणे येथे थांबवितो. चौथा खंड, परिशिष्टासह आणि सरकारच्या त्या असहमतीच्या ओळीसह, सोबत आणला आहे. मागच्या टेबलावर ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी आधी तो चाळावा. चहा झाल्यावर प्रश्न घेऊ, आणि आमच्याशी असहमत असलेल्यांना पहिला नंबर.