खानेसुमारी : लाभ आणि धोके
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाने ज्ञातीतील सर्व कुटुंबांची खानेसुमारी करण्याचे योजिले आहे. संकल्प स्तुत्य आहे. शिष्यवृत्ती कोणास द्यावी, निराधार वृद्ध कोठे राहतात, हे माहितीवाचून कळणार कसे? तथापि रकाने आखण्यापूर्वी आपल्या देशाच्या जनगणनेचा अनुभव ध्यानात घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जाती मोजल्या, आणि सामाजिक प्रतिष्ठेनुसार त्यांची श्रेणी लावण्याचाही घाट घातला. वरची पायरी मिळावी म्हणून देशभरातून अर्ज येऊ लागले. त्यासाठी ठिकठिकाणी जातिसभा उभ्या राहिल्या. या गणनेने जातिजातींतील चुरस वाढविली, अशी टीका डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात केली आहे.

उलट मोजणीच न केल्याने अडते, हेही तितकेच खरे. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. म्हणून मंडल आयोगाला १९८० च्या अहवालात इतर मागासवर्गांची संख्या अंदाजिताना जवळजवळ अर्धशतकापूर्वीच्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला.

पुढे २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक व जातिगणना आरंभली गेली. त्या वेळी लोकांनी सांगितलेले नाव तसेच टिपले गेले. कोणी पोटजात सांगितली, कोणी गोत्र. एकाच नावाची लेखनेही अनेक झाली. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. येथे नावे ४६ लाखांवर गेली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास कळविले. आणि ते आकडे निरुपयोगी ठरले.

सारांश, वर्गवारी केली नाही तर नुसता ढीग साचतो, आणि वर्गवारीत उच्चनीचता शिरली तर कलह माजतो. यास्तव आपल्या खानेसुमारीत तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येकाने सांगितलेले मूळ शब्द जपून ठेवावेत आणि वर्गवारी शेजारच्या रकान्यात करावी. म्हणजे चूक झाल्यास दुरुस्ती करता येईल. ज्या कार्यासाठी माहिती हवी, तेवढीच विचारावी. उत्पन्नाचे आकडे व आजारांची नोंद स्मरणिकेत कदापि छापू नये. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. प्रस्तावित नमुन्यात 'ज्ञातीबाहेर विवाह' असा स्वतंत्र रकाना आहे. त्याने कोणती शिष्यवृत्ती अधिक योग्य हाती पडणार आहे? आज जी केवळ नोंद आहे, ती उद्या बहिष्काराची यादी होऊ शकेल. आपल्या लेकी कोणत्याही घरी नांदोत, त्यांची नावे माहेरच्या कुटुंबात सन्मानाने राहावीत, आणि तो रकाना कार्यकारिणीने आजच गाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.