कोतवाराची वही आणि जगाचे आकडे

(जबलपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



मे 2021 अखेरीस पेरूने आपला कोविडमृत्यूंचा आकडा 69 हजारांवरून एकदम 1 लाख 80 हजारांवर नेला. एका रात्रीत लाखभर माणसं दगावली नव्हती. कोविडमृत्यू कशाला म्हणायचं, याचा निकष बदलला होता. ब्रिटनमध्ये उलटं झालं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून 28 दिवसांत झालेलाच मृत्यू धरायचा, अशी अट आली आणि 5 हजारांहून अधिक नावं यादीतून गळाली. बेल्जियमने मात्र वृद्धाश्रमांतले नुसत्या संशयाचे मृत्यूही धरले. मग या देशांची तुलना करायची कशी?

गोंधळ देशोदेशीच्या निकषांतच नाही, एकेका नोंदीतही आहे. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला पाहा. पहिल्या भागात वरच्या ओळीला तात्काळ कारण: श्वसन निकामी. त्याखाली न्यूमोनिया. सर्वांत खाली मूळ कारण: कोविड. मधुमेह, रक्तदाब दुसऱ्या भागात. ड्युटीवरच्या थकलेल्या डॉक्टरने मधुमेह पहिल्या भागात तळाला लिहिला, की तो मृत्यू मधुमेहाच्या खाती जमा! आणि हा दाखला तरी किती जणांना मिळतो? 2020 साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्क्यांनाच. बाकीच्यांपैकी अनेक जण घरीच वारले, डॉक्टरविना.

आपल्या भागाला हे नवं नाही. 1918च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांताची फार मोठी हानी झाली. खेड्यात मेलेल्यांची नोंद ठेवायचा कोतवार, म्हणजे गावचा चौकीदार. त्याच्यापुढे रकाने ठरलेले: कॉलरा, देवी, प्लेग, ताप. इन्फ्लुएंझाचा रकानाच नव्हता, म्हणून ती माणसं 'तापा'त गेली. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाईट यांचा 1919चा अंदाज साऱ्या भारतासाठी 60 लाखांचा. पुढे अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. पण तो त्यांना काढता आला कसा? कोतवाराने कारण चुकवलं असेल, माणूस मेल्याचं तर लिहिलं होतं! साथीच्या वर्षातले एकूण मृत्यू घ्यायचे, त्यातून एरवीचे वजा करायचे, की साथीचं माप हाती येतं.

तेच गणित आपल्याला लावून पाहा. मध्य प्रदेशात मे महिन्यात एरवी तीस-पस्तीस हजार मृत्यू नोंदले जातात. मे 2021 मध्ये नोंदले गेले 1 लाख 60 हजारांहून अधिक. त्यात एप्रिलमधले उशिरा नोंदलेलेही असतील, हे खरं. तरी राज्याच्या कोविड-यादीत त्या महिन्याचे मृत्यू काही हजारच होते. जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीने 2020-21साठी भारताचे जादा मृत्यू 47 लाख धरले. कोविडमृत्यूंचा सरकारी आकडा 4 लाख 81 हजारांचा. केंद्र सरकारने या अंदाजावर आक्षेप घेतला, आणि त्यामागच्या गणिती मॉडेलवर वाद घालता येतोच. पण त्या वादाचा निकालसुद्धा नोंदवहीच देणार.

तेव्हा यापुढे कुणी दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून शहाणपण शिकवू लागलं, तर त्याला एवढंच विचारा: तिथे एकूण माणसं किती गेली, आणि एरवी किती जातात? घरात मृत्यू झाला तर 21 दिवसांच्या आत नोंद करा. वारसा-विम्यासाठी ती लागतेच. पुढच्या साथीत सरकारला जाब विचारायलाही तीच लागेल.