सैतानाचा पंजा: कालाहारीच्या वाळूतलं सांधेदुखीचं औषध

आजच्या एपिसोडमध्ये आपण आफ्रिकेत जाणार आहोत. विषय मात्र घरोघरचा आहे, सांधेदुखी.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला नामिबिया, बोट्सवाना आणि शेजारचा भाग डोळ्यांसमोर आणा. कालाहारीची लालसर वाळू. पाऊस पडला की तिथे एक वेल जमिनीवर पसरते. जांभळट गुलाबी, तुतारीसारखी फुलं येतात. आणि मग येतं तिचं फळ. चहूबाजूंनी आकडे असलेलं, वाळलं की लाकडासारखं कडक. जनावराच्या पायात ते असं अडकतं की निघता निघत नाही. आपल्या सराट्याचा थोरला भाऊच म्हणा ना! म्हणून इंग्रजीत नाव पडलं डेव्हिल्स क्लॉ, सैतानाचा पंजा. शास्त्रीय नाव हार्पागोफायटम. गंमत म्हणजे ही वेल आपल्या तिळाच्याच कुळातली आहे.

औषध मात्र फळात नाही, ते जमिनीखाली आहे. मधलं मूळ खोल जातं आणि त्याला बाजूंनी कंद फुटतात. कोरड्या दिवसांसाठी वेल त्यांत पाणी साठवते. सान आणि नामा लोक हे कंद पिढ्यानपिढ्या वापरत आलेत. दुखण्यावर, तापावर, पोटाच्या तक्रारींवर काढा आणि जखमांवर लेप. चव? कडूजहर.

१८८४ ते १९१५ नामिबियावर जर्मनीची सत्ता होती. त्या काळात ही माहिती जर्मन लोकांपर्यंत गेली, आणि १९६०च्या दशकात कंदांची निर्यात सुरू झाली. आज युरोपात याच्या गोळ्या मिळतात.

आता मुद्द्याचा प्रश्न. गुण येतो का?

कंदात हार्पागोसाइड नावाचं द्रव्य असतं. दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम हार्पागोसाइड देणाऱ्या अर्कावर कंबरदुखीच्या चाचण्या झाल्या. थोड्या काळापुरता काही जणांना आराम पडलेला दिसला. पण चाचण्या छोट्या होत्या, पुरावा भक्कम म्हणता येत नाही. युरोपीय औषध संस्थेनेही सांध्यांच्या किरकोळ दुखण्यासाठी ‘पारंपरिक वापर’ एवढ्याच आधारावर त्याला मान्यता दिली आहे. म्हणजे बघा, ‘गुडघे पुन्हा नव्यासारखे’ अशी जाहिरात दिसली तर पुढे स्क्रोल करा. झिजलेला सांधा यानं भरून येत नाही.

आणि वनस्पती आहे म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. पोटात अल्सर असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा गरोदरपण असेल, तर हे टाळायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. काहींना जुलाब होतात. सांधा सुजून लाल झाला, ताप आला, तर थेट डॉक्टर.

अजून एक. आपल्याकडे पडीक रानात विंचवी उगवते, काही ठिकाणी तिला वाघनखी म्हणतात. तिच्याही फळाला नख्या असतात आणि इंग्रजीत तिलाही हेच नाव चिकटलंय. पण ती मूळची मेक्सिकोकडची, अगदी वेगळी वनस्पती. नुसतं नाव वाचून तिची मुळं उकळायला घेऊ नका.

आता या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कंद काढणारे जाणकार लोक वेलीच्या बाजूला खड्डा घेतात. बाजूचे काही कंद काढतात, मधल्या मुळाला धक्का लावत नाहीत आणि खड्डा वाळूने पुन्हा बुजवतात. पुढच्या पावसात वेल परत फुटते. विशेष म्हणजे हार्पागोसाइडही मधल्या मुळापेक्षा बाजूच्या कंदांत जास्त, जवळपास दुप्पट असतं. मागणी वाढली तशी घाई करणाऱ्यांनी आख्खी मुळं उपटली. नामिबियात १९७७ पासून ही वनस्पती संरक्षित आहे, ती खणायला परवाना लागतो. खणणारी बरीचशी कुटुंबं गरीब आहेत. वाळवलेल्या चकत्यांचे पैसे हाच त्यांच्यातल्या अनेकांचा रोख आधार. आणि बाटलीच्या किमतीतला फार थोडा वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

मला वाटतं, पारंपरिक ज्ञान म्हणताना आपण ‘कशावर काय घ्यायचं’ एवढंच उचलतो. ‘किती घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं’ हेही त्याच ज्ञानात येतं. ते सोडलं तर एक दिवस औषधही राहणार नाही आणि त्यावर पोट भरणारी माणसंही अडचणीत येतील.

तेव्हा घरात कुणी अशी बाटली ऑनलाइन मागवत असेल तर तीन गोष्टी तपासा. हार्पागोसाइड किती, हे लेबलवर लिहिलंय का? आपल्या चालू औषधांबरोबर ते चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय का? आणि कंद कुठून, कसे काढले, याची काही माहिती दिली आहे का?

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हा एपिसोड नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!