लोखंडाची कूस आणि शिकणारे यंत्र

लोहाराच्या भट्टीतील लालभडक लोखंड लोहचुंबकाला दाद देत नाही, हे आपणांपैकी कुणी पाहिलेही असेल. ७७० अंश सेंटिग्रेडला लोखंडाचा हा गुण जातो, आणि निवल्यावर परत येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्यूरी यांनी १८९५ साली या बदलाचा बारकाईने अभ्यास केला. पाण्याची वाफ व्हावी, तसेच हेही एक अवस्थांतर.

आत काय घडते? अशी कल्पना करा, की सोंगट्यांच्या पटासारख्या चौकोनी घरांत एकेक बाण आहे. वर तोंड केलेला किंवा खाली. प्रत्येक बाण शेजाऱ्याकडे पाहून वळू बघतो, तर उष्णता त्याला स्वस्थ बसू देत नाही. थंडीत बहुतेक बाण एका दिशेला. उष्णतेत सगळा गोंधळ. १९२५ साली अर्न्स्ट ईझिंग यांनी अशा बाणांची एक साधी रांग अभ्यासली. चौकोनी पटावर हा पालट नेमका केव्हा होतो, ते लार्स ओन्सागर यांनी १९४४ साली गणिताने काढले. शेजाऱ्यांच्या ओढीच्या मापाने तो आकडा २.२६९.

२०१७ साली कॅनडातील ह्वान कारास्किया आणि रॉजर मेल्को यांनी संगणकाला अशा पटांची चित्रे दाखविली. 'हे थंड, हे उष्ण' एवढेच सांगितले. पदार्थविज्ञानाचा एक नियमही शिकविला नाही. मग नवी चित्रे पुढे ठेवली. जिथे संगणक थंड की उष्ण अशा पेचात पडला, तिथेच अवस्थांतर. आणि तो आकडा ओन्सागरच्या आकड्याला जाऊन भिडला. पुढे त्रिकोणी घरांचा, कधी न दाखविलेला पट दिला. तेथेही उत्तर जवळजवळ बरोबर!

मग यंत्राला सारे समजले काय? नाही. ते बहुतांशी एकच गोष्ट पाहत होते: एकंदर बाण कुठल्या बाजूला जास्त आहेत. ज्या पटात अशी बाजूच नसते, तो दिल्यावर हेच यंत्र गांगरले. तेथे लहान लहान तुकडे न्याहाळणारे निराळे यंत्र योजावे लागले.

शिक्षक बंधूभगिनींनो, यात आपल्या वर्गासाठीही एक गोष्ट आहे. मुलाचे उत्तर बरोबर आले, की आपण शाबासकी देतो. ती द्यावीच. पण मग विचारावे, "बाळ, तू नेमके काय पाहिलेस?" आणि न शिकविलेले एक गणित पुढे ठेवावे. शास्त्रज्ञांनी यंत्राला हेच केले. म्हणूनच त्याचे बळ कळले, आणि त्याची मर्यादाही.