लीलावतीतील मोडलेला वेळू

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरच्या बाजूला कर्ण म्हणतात, आणि कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे प्रमेय पायथागोरसच्या नावाने शाळेत शिकवले जाते. यज्ञवेदीच्या मापांसाठी रचलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हाच संबंध आयताच्या कर्णाच्या रूपात सांगितलेला आहे. दोन बाजू ठाऊक असल्या की तिसरी वर्गमुळाने निघते, आणि त्यात फारसे कौशल्य लागत नाही. खरी गंमत एकच बाजू ठाऊक असते तेव्हाची, आणि भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहार या प्रकरणात ती भरपूर आहे.

तेथे 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकते; तो बुंध्यापासून किती उंचीवर मोडला, हा प्रश्न. उभा राहिलेला भाग म्हणजे कोटी, जमिनीवरचे अंतर म्हणजे भुज आणि कललेला भाग म्हणजे कर्ण. यांपैकी केवळ भुज ज्ञात आहे, मात्र कोटी आणि कर्ण यांची बेरीज 32 आहे, कारण वेळू मोडला तरी त्याची लांबी घटत नाही. कर्ण आणि कोटी यांच्या वर्गांतील फरक भुजाच्या वर्गाइतका, म्हणजे 256 असतो, आणि दोन वर्गांचा फरक हा बेरीज व वजाबाकी यांचा गुणाकार असल्याने 256 ला 32 ने भागताच वजाबाकी 8 मिळते. मग बेरजेतून ती वजा करून निम्मे केले की कोटी 12, आणि अर्थातच कर्ण 20. वर्गमूळ काढावेच लागत नाही, हे या रीतीचे सौंदर्य.

नऊ हात उंच खांबावरचा मोर 27 हातांवरून खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येणाऱ्या सापावर झेप घेतो, ते उदाहरणही याच जातीचे आहे. दोघांची गती समान मानल्यामुळे मोराची झेप सापाने कापलेल्या अंतराइतकी ठरते, म्हणून ते बिळापासून 12 हातांवर भेटतात.

कमळाच्या उदाहरणात मात्र बेरजेऐवजी वजाबाकी दिलेली आहे. पाण्यावर अर्धा हात डोकावणारी कळी वाऱ्याने झुकून दोन हातांवर बुडते. देठ हा कर्ण, पाण्याची खोली ही कोटी, त्यांतील फरक अर्धा हात. दोनचा वर्ग 4, त्याला अर्ध्याने भागल्यावर बेरीज 8 येते, आणि तीवरून खोली पावणेचार हात व देठ सव्वाचार हात निघतो.