बसस्टॉपपर्यंतचे साडेतीनशे मीटर

मागचा भाग पुण्याच्या मेट्रोवर होता. त्यावर बरेच निरोप आले, त्यातल्या एका निरोपानं मला थोडं टोचलं. श्रोत्यांनी विचारलं होतं, 'मेट्रो आली, स्वारगेटपर्यंत भुयारातून धावायला लागली, आता तुमची तक्रार तरी काय आहे?' प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला मेट्रोपासून जरा लांब जावं लागेल, म्हणजे सातारा रस्त्यावर, पद्मावतीच्या अलीकडे, माझ्या आईच्या घरी.

आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिची मोठी बहीण, आमची मावशी, शुक्रवार पेठेत राहते. दर गुरुवारी आई तिच्याकडे जायची. कात्रजहून येणारी बस पकडायची, बाजीराव रस्त्यानं जायचं, मावशीकडे चहा, मग दोघींनी मिळून मंडईत भाजी घ्यायची, आणि येताना शिवाजी रस्त्यावरून परतीची बस. बाजीराव रस्ता एकेरी, शिवाजी रस्ता उलट्या दिशेनं एकेरी, त्यामुळे जायचा स्टॉप वेगळा आणि यायचा वेगळा. पुण्याबाहेरच्या माणसाला हे समजावताना घाम फुटतो, पण आईला ते पाठ होतं. बाबा होते तेव्हाही ती एकटीच जायची. आमच्या घरी 'गुरुवारी आई नसते' हे घड्याळासारखं पक्कं होतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती फूटपाथवर पडली. घरापासून पन्नास पावलांवर. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, हात बरा झाला. गुरुवार मात्र गेला तो गेलाच.

आम्ही आपलं म्हणायला लागलो, आई, रिक्षानं जा ना. आता हिशेब बघा. पुण्यात रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७. म्हणजे जायचेच पाऊणशे-ऐंशी, जाऊन-येऊन दीडशे. जून २०२५ मध्ये पीएमपीचे दर वाढले, तरी पहिल्या टप्प्याचं तिकीट १० रुपये आहे. पण खरं सांगू का, पैशांचं एवढं नव्हतं. रिक्षा बोलवायची म्हणजे मोबाइलवर बोलवायची, आणि ते आईला जमत नाही. मग ती मला फोन करणार. पूर्वी ती फोनवर म्हणायची, 'अगं, मी मावशीकडे निघालेय.' आता विचारायला लागली, 'तुला वेळ आहे का गं, मला रिक्षा करून देशील?' ह्या दोन वाक्यांमध्ये काय हरवलं ते मला बरेच महिने कळलंच नाही.

कळलं ते मावशीमुळे. ती एकदा मला म्हणाली, 'तुझी आई हल्ली येत नाही, माझं काही चुकलं का?' मावशी एकोणऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले. ती इकडे येऊच शकत नाही.

मग एका रविवारी मी टेप घेऊन उतरले. सुताराकडे असतो ना, तो लोखंडी टेप. आईच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत साडेतीनशे मीटर भरले. धडधाकट माणसाला पाच मिनिटं. हे साडेतीनशे मीटर मी आधी हजार वेळा चालले असेन, पण वाकून कधी बघितले नव्हते.

फूटपाथ आहे, बरं का. 'फूटपाथच नाही' अशी ओरड करायला जागा नाही. काही ठिकाणी तर चांगला दोन मीटर रुंद आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची जी मानकं आहेत, त्यांत चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे. दीडशे मिलिमीटर म्हणजे सहा इंच, जिन्याच्या पायरीएवढं. आमच्याकडे रुंदी कागदावर बसते. पण मध्ये विजेचा डीपी आहे, तिथे उरतात पासष्ट सेंटिमीटर. एका ठिकाणी उंची साडेदहा इंच भरली. साडेदहा इंचांची पायरी तुमच्या घरात असती तर तुम्ही गवंड्याला परत बोलावलं असतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाटकं. साडेतीनशे मीटरमध्ये अकरा फाटकं आहेत: सोसायट्या, दोन बंगले, एक मंगल कार्यालय. प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ तुटतो. गाडी आत जावी म्हणून तिथे रस्त्याच्या पातळीपर्यंत उतार केलेला. म्हणजे चालणाऱ्यानं अकरा वेळा उतरायचं आणि अकरा वेळा चढायचं. आपण म्हणतो 'लोकांना शिस्त नाही, फूटपाथ सोडून रस्त्यावरून चालतात.' अहो, गुडघे दुखणारं माणूस रस्त्यावरूनच चालणार! तिथे निदान सपाट आहे. ह्यावरचा उपाय इंजिनिअर लोकांना अगदी नीट माहीत आहे. फूटपाथ फाटकासमोरही त्याच पातळीवर सलग न्यायचा आणि कडेच्या हातभर जागेत गाडीसाठी छोटा चढ द्यायचा. चढायचं असेल तर गाडीनं चढावं, तिला इंजिन आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. आई जिथे पडली ते फाटक आमच्याच सोसायटीचं होतं.

तिथे फूटपाथ अचानक संपून खाली सिमेंटच्या उतारावर येत होता, कड आठ इंच, पावसात शेवाळं धरलेलं. मी तावातावानं सोसायटीच्या ऑफिसात गेले, कोणी केलंय हे, म्हणून. सेक्रेटरींनी शांतपणे जुनी वही काढून दिली. २००९ सालच्या सभेचा ठराव होता: फाटकासमोरचा फूटपाथ उंच असल्यानं गाड्यांचं बूड घासतं, तरी तो फोडून सिमेंटचा उतार करावा. ठराव एकमतानं मंजूर. ठराव मांडणाऱ्याच्या नावापुढे माझ्या बाबांची सही.

बाबांनी त्याच वर्षी गाडी घेतली होती. आमची पहिली गाडी. मला तो आवाजसुद्धा आठवतो, फाटकातून आत येताना खालून खर्रर्र होणारा, आणि बाबांचं कळवळणं. त्या गाडीत बसून मीही म्हणाले असेन, 'बाबा, करा काहीतरी.' फूटपाथ पालिकेचा असतो, त्यावर आपल्या मनानं काही करता येत नाही, हे सभेतल्या एकालाही सुचलं नाही. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. सभेला आलेले सगळे गाडीवाले किंवा गाडी घेणारे होते. आणि आई? आई त्या सभेला नव्हती, ती चहा करत होती.

म्हणून जेव्हा मी 'चालण्याजोगं शहर' असे शब्द ऐकते, तेव्हा आता मला आधी ती वही दिसते.

बरं, फूटपाथ संपला की पुढे रस्ता ओलांडायचा. सातारा रस्त्यावर बीआरटी आहे हे तुम्हाला माहीत असेल. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा मार्ग २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला होता. कल्पना चांगलीच होती, अजूनही आहे. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका, म्हणजे डावीकडच्या पार्किंगचा, रिक्षांचा, वळणाऱ्या गाड्यांचा तिला अडथळा नाही. पुढच्या काळात काय काय झालं तो एका स्वतंत्र भागाचा विषय आहे. नगर रस्त्यावरची मार्गिका तर काही भागात काढूनच टाकली.

लोक म्हणतात, स्टॉप रस्त्याच्या मध्ये, म्हातारी माणसं जाणार कशी? मीही हेच म्हणायचे. पण जरा हिशेब करू. स्टॉप कडेला असेल तर जाताना रस्ता ओलांडावा लागत नाही, येताना अख्खा ओलांडावा लागतो. स्टॉप मध्ये असेल तर जाताना अर्धा, येताना अर्धा. बेरीज एकच! त्यामुळे दोष मधल्या स्टॉपला देण्यात अर्थ नाही. तो अर्धा रस्ता ओलांडताना समोरचा थांबतो का, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या चौकात सिग्नल आहे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा मी मोबाइलवर मोजला, अठरा सेकंद. आईला पलीकडे जायला लागले सव्वीस, म्हणजे मी हात धरलेला असताना. तरुण माणूस बारात जातो. दिव्याची वेळ ज्यानं लावली त्यानं वाईट चिंतलं नसेल, त्याच्या डोळ्यांसमोर चालणारा माणूस बारा सेकंदवालाच असणार. वर आपला लाडका फ्री लेफ्ट. सिग्नल लाल असो, हिरवा असो, डावीकडे वळणाऱ्यांना सदैव मोकळीक. म्हणजे त्या कोपऱ्यावर पादचाऱ्यासाठी सुरक्षित असा एक सेकंदही नाही. रस्ता रुंद केला की आपण टाळ्या वाजवतो. प्रत्येक वाढलेला मीटर आईच्या वाट्याला सेकंदभर जास्त येतो, हे कोणी बोलत नाही.

ह्याच्या शेजारी आता मोठे आकडे ठेवून बघा. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुमारे साडेपाच किलोमीटर, खर्च २९५४ कोटी रुपये. मी मेट्रोच्या विरोधात अजिबात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो आली, मंडईला स्टेशन झालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी जाऊन आले आणि लहान मुलीसारखी खूश झाले. पण उद्या आईच्या घरापासून साडेतीनशे मीटरवर स्टेशन झालं, तरी वाटेत तीच अकरा फाटकं, तोच डीपी आणि तोच फ्री लेफ्ट असेल. बसमध्ये, मेट्रोत कोणी उडी मारून पोचत नाही. चालतच पोचतो.

आणि पुण्याला हे येत नाही असंही नाही. २०१६ मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद झाले, बसायला बाक आले. त्यावर दुचाक्या चढतात, स्टॉलवाल्यांवरून वाद होतात, सगळं खरं. पण संध्याकाळी तिथे जाऊन बघा, आजी-आजोबा बसलेले दिसतील. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, एक तुकडा वाहनांना बंद. छान असतं वातावरण. उरलेले ३६४ दिवस कोणाचे, हे मात्र विचारायचं नाही! सर्वोच्च न्यायालयानं तर १४ मे २०२५ ला सांगितलं, की विनाअडथळा फूटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा, भाग आहे. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'त्यांना म्हणावं, एकदा पावसाळ्यात या.'

आमच्या फाटकाचं काय झालं ते सांगते. सभेत विषय ठेवला. वाटलं होतं, सहज होईल. एका काकांनी स्पष्ट सांगितलं, 'एका माणसाच्या पडण्यामुळे चाळीस गाड्यांची गैरसोय का?' मी वहीतली सही दाखवली आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांनीच सुचवलं होतं, आता मीच बदला म्हणतेय. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तळमजल्यावरच्या एक काकू उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, मी पण तिथे दोनदा पडलेय, सांगितलं नाही कोणाला. मग आणखी एक आजोबा. बघता बघता पाच जण निघाले. पडणं आपल्याकडे लाजेचं असतं ना, वय झालं असं लोक म्हणतील म्हणून.

ठराव झाला, पण एकमतानं नाही. गाड्यांचा चढ फाटकाच्या आत घेतला, तो खर्च सोसायटीनं केला. बाहेरचं काम पालिकेचं, त्यासाठी अर्ज, मग दुसरा अर्ज, चार-साडेचार महिने. आता आमच्या फाटकासमोर फूटपाथ सलग आहे. पाच मीटर, जास्त नाही. उरलेल्या दहा फाटकांपैकी एका सोसायटीनं येऊन बघून माप नेलंय. मंगल कार्यालयवाल्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी आई म्हणाली, चल, बघू. मी तिच्या मागे दोन पावलं ठेवून चालले, हात न धरता. आमचं फाटक ओलांडताना ती थांबली, पायानं फरशी चाचपली, आणि पुढे गेली. पुढच्या फाटकाशी खाली रस्त्यावर उतरली. चौकात पहिल्या हिरव्या दिव्याला ती हललीच नाही. म्हणाली, 'हा जाऊ दे, पुढच्याला सुरुवातीपासून निघू.' सुरुवातीपासून निघूनही लाल झाला तेव्हा ती अजून रस्त्यात होती, आणि एक दुचाकीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याच्यासमोर हात आडवा करून उभी राहिले.

मावशीकडे पोचलो. दोघी मंडईत गेल्या, मी मागे पिशव्या घेऊन. येताना आई म्हणाली, 'फूटपाथचं झालं, आता ते सिग्नलचं बघ.'

तर सिग्नलचा अर्ज लिहितेय. तुमच्याकडून एक मदत हवी आहे. तुमच्या घरापासून जवळच्या बसस्टॉपपर्यंत एकदा मोजत चाला: किती मीटर, किती फाटकं, सगळ्यात उंच पायरी किती इंच, आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर न्या. जे भरेल ते आवाजी निरोपात पाठवा, गाव आणि रस्ता सांगून. पुढच्या भागात ते वाचून दाखवीन. आमच्या चौकातला आकडा तुम्हाला माहीत आहेच: दिवा अठरा, आई सव्वीस.